आउटरची तार

लिव्हरला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा मला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये मिळालेला पहिला धडा. लिव्हरची मूठ घासून घासून पांढरी लख्ख ठेवलेली असते. घामाचा हात लागला की दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस ठसा उमटतो. म्हणून हातात कायम फडकं हवं. सुती, जुनं आणि दर आठवड्याला धुतलेलं. माझी फडकी सासूबाईंच्या फाटक्या लुगड्यांची होती. त्यांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, अंगावर होतं तेव्हा या लुगड्याला कोणी इतकं जपलं नाही.

ती फडकी अजून माझ्याकडे आहेत, नीट घडी केलेली. केबिन गेली. म्हणजे इमारत जागेवर आहे, वरच्या मजल्याच्या तिन्ही बाजूंच्या खिडक्या आहेत, बारा लिव्हर आहेत, उलट पूर्वीपेक्षा जास्त चमकतात. पण ती गेली, आणि माझ्यामुळे गेली. कशी, ते सांगते. कोणी माझी समजूत घालावी म्हणून सांगत नाही. समजूत घालणारी माणसं मला आवडत नाहीत.

तो धडा देणारे आमचे भाऊजी. नात्यानं कोणी नव्हेत, माझ्या नवऱ्याचे दोस्त, मूळचे वलगावकडचे. ते रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासणारा माणूस. नवरा केबिनवर लिव्हर ओढायचा. तो गेला तेव्हा मी नुकती तिशीत आलेली, पदरात एक मुलगी. त्याच्या जागी मला नोकरी मिळाली, तिला कागदावर अनुकंपा म्हणतात. त्या शब्दाची मला आजही चीड येते. अनुकंपेनं मला आधी स्टेशनवर पाणी भरायला ठेवलं. पाच वर्षं पाणी भरलं, मग परीक्षा दिली आणि केबिनचा जिना चढले. बाई लिव्हर ओढणार म्हटल्यावर स्टेशनातला जो तो येऊन तमाशा बघून गेला. भाऊजी शिकवायला आले.

"हातानं नाई वढाचा, वैनी," ते म्हणाले. "पाय रोवा आन् पाठीनं वढा. मांगं बसल्यावानी करा."

आमची लाइन लहान. रूळ अरुंद, डबे बुटके, आणि गाडीच्या आधी बैलबंडी पोचते ही थट्टा अगदीच खोटी नव्हती. पण केबिन मात्र थोरामोठ्यांच्या लाइनीवर असावी तशी होती. काळे लिव्हर सांध्यांचे, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर वळवण्याचे. लाल लिव्हर सिग्नलचे. सांधा बरोबर लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नसे, आतल्या खाचाच तशा होत्या. माणसानं चुकायचं ठरवलं तरी लोखंड त्याला चुकू देत नसे. मला त्या गोष्टीचं फार बरं वाटायचं.

सगळ्यात जड लिव्हर बारा नंबरचा, आउटरचा. आउटर म्हणजे स्टेशनाच्या सगळ्यात बाहेरचा सिग्नल. केबिनमधून निघालेली तार रुळाच्या कडेनं, जमिनीत रोवलेल्या खुंट्यांवरच्या पुल्यांवरून, पाऊण किलोमीटर जायची आणि त्याच्या खांबाला पोचायची. मधे वळण होतं आणि बाभळीचं बन, त्यामुळं केबिनमधून आउटर दिसत नसे. दिसायचा तो रस्त्यावरच्या फाटकावरून. मला त्याची खबर हातालाच कळायची. पाऊण किलोमीटर तारेचं ओझं पाठीवर आलं आणि मग एकदम सुटल्यासारखं झालं की समजायचं, सिग्नलचा हात पडला.

खांबाच्या बुडाशी एक लोखंडी वजन असतं. लिव्हर ओढला की तार ते वजन उचलते आणि खांबावरचा लाल हात खाली पडतो, म्हणजे गाडीला या म्हणतो. लिव्हर सोडला की वजन खाली बसतं आणि हात आडवा होतो, म्हणजे थांबा म्हणतो. आणि मधेच कुठं तार तुटली, तरी वजन खालीच बसतं. हात आपोआप आडवा. हे समजावून सांगताना भाऊजी मला म्हणाले होते, "मानूस तुटला का खोटं बोलते, वैनी. सिग्नल तुटला का थांबा म्हनते."

बोलून झाल्यावर ते बिडी पेटवायला बाहेर गेले. केबिनमध्ये ते कधी बिडी ओढत नसत.

तारेचा आणखी एक गुण सांगायला हवा, कारण पुढं मी त्याच्याच आड लपले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडही अंग टाकतं. वैशाखात दुपारी तार तापून लांबते, सैल पडते, आणि लिव्हर हलका लागतो. मग केबिनखालचं चाक फिरवून तार आवळून घ्यायची, आणि संध्याकाळी पुन्हा ढिली करायची. थंडीत उलटं. मार्गशीर्षात पहाटे बारा नंबर ओढायचा तर अंगावरची शाल आधी काढून ठेवावी लागे.

रोजची गाडी बंद झाली आणि त्याच सुमाराला मी निवृत्त झाले. भाऊजी माझ्या आधीच झाले होते. लोक कधीचे एसटीनं जायला लागले होते, गाडीसाठी रडलं असं कोणी नाही. काही वर्षं रुळांवर गवत वाढलं. मग एकदम ती लाइन हेरिटेज झाली. म्हणजे काय, हे आम्हाला अमरावतीहून आलेल्या समितीनं सांगितलं. समितीच्या प्रमुखांना सगळे साहेबच म्हणायचे. दिवाळी ते होळी, दर रविवारी, एक इंजिन आणि दोन डबे, चार स्टेशनं जाऊन परत. हौशी लोकांसाठी. सिग्नल जुन्या पद्धतीनंच द्यायचे, तेच बघायला लोक येणार. असं काम येणारं माणूस शोधता शोधता ते माझ्या दारात आले.

पाच हिवाळे मी ते केलं. अकोल्या-अमरावतीहून लोक यायचे, जिना चढून केबिनमध्ये गर्दी करायचे, मुलं लिव्हरला लोंबकळायला बघायची आणि मी फडकं घेऊन त्यांच्यामागं ठसे पुसत फिरायची. एका गृहस्थांनी मला विचारलं, हे खरंच चालतं का? मी म्हटलं, नाही, मी व्यायाम करते. तोंडानं मी अशी, पण आत काय वाटायचं ते आज कबूल करते. नोकरीची सगळी वर्षं एकीकडे आणि ते रविवार एकीकडे. गाडीला कुठं जायचं नव्हतं हे खरं, पण माझ्या हातावाचून ती हलत नव्हती हेही खरं. त्या वयात आपल्यावाचून काही हलत नाही असं किती बायकांना म्हणता येतं?

मग एका होळीनंतर इंजिन दुरुस्तीला गेलं. पाटी लागली, तात्पुरती बंद. तात्पुरत्या पाट्यांचं आमच्याकडं काय होतं ते सांगायला नको. दिवाळी आली, गेली. मी केबिनची किल्ली परत केली नाही आणि कोणी मागितलीही नाही. रोज सकाळी जायची, खिडक्या उघडायची, मुठी पुसायची, सांध्यांना तेल, खाचांना ग्रीस, आणि शेवटी बाराही लिव्हर एकेकदा ओढून सोडायची, अंग आखडू नये म्हणून. मुलगी अकोटला दिलेली. ती फोनवर म्हणायची, आई, गाडीच नाही तर कोणासाठी पुसतेस? मी म्हणायची, उद्या गाडी आली आणि तिला गंज दिसला तर? जशी काही गाडी म्हणजे माझ्या सासरची माणसं. मुलीला मी तिच्याकडं राहायला यावं असं वाटत होतं. मला मुलीच्या घरी टीव्हीसमोर बसायचं नव्हतं. केबिन होती म्हणून मला सकाळ होती, एवढं साधं होतं ते.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात बारा नंबर हलका लागला. ऊन आहे, म्हटलं. खाली जाऊन चाक फिरवलं. चाक फिरत राहिलं, शेवटपर्यंत फिरलं, आणि लिव्हर तरी हलकाच. फार ऊन आहे, म्हटलं. पावसाळ्यात म्हटलं, ओल आहे. मग मार्गशीर्ष आला. पहाटेची थंडी, शाल काढून ठेवली, पाय रोवला, पाठ मागं टाकली, आणि लिव्हर पाळण्याच्या दोरीसारखा अलगद हातात आला. मी पडता पडता वाचले.

तिथं उभ्या उभ्या मला सगळं कळलं. ज्यानं एक वर्ष लिव्हर ओढला त्याला कळेल, मी तर जन्म काढलेला. आणि तरी मी काय केलं? ग्रीस चांगलं लागलंय म्हणून स्वतःची पाठ थोपटली. फाटकापर्यंत चालत गेलं असतं तर दहा मिनिटांत खरं काय ते दिसलं असतं. मी गेले नाही. बाजाराला जायचं तर फाटकाचा रस्ता सोडून वेशीकडून वळसा घालायला लागले. जे बघितलं नाही ते झालेलं नाही, असं काहीतरी डोक्यात धरून बसले होते. लहान पोरं डोळे मिटून लपतात, तशी.

भाऊजी सकाळी अजूनही सवयीनं रुळांवरून चक्कर मारायचे. म्हणजे त्यांना माहीत होतं. येता-जाता केबिनखाली थांबायचे, पाणी प्यायचे, पावसाचं बोलायचे, कपाशीचं बोलायचे. तारेचं बोलत नसत. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि मला कळलंय हे त्यांना. असं तीन-चार महिने आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळलं. त्याला मी तेव्हा माया समजत होते.

चैत्रात साहेबांचा फोनवर संदेश आला. पुढच्या आठवड्यात समिती पाहणीला येणार. केबिनमधले सिग्नल चालू स्थितीत असतील तर रविवारची गाडी पुन्हा सुरू करायचा प्रस्ताव पुढं जाईल. नसतील तर केबिन बंद करून लिव्हर काढून दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात नेतील. त्यांचा एक माणूस फाटकावर थांबून आउटरचा हात पडतो की नाही ते बघणार होता. मी तो संदेश चार वेळा वाचला आणि मग भाऊजींच्या घरी गेले. काही विचारावं लागलं नाही. त्यांनी पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "वरीस झालं, वैनी. चला, दाखवतो."

आम्ही रुळाच्या कडेनं चालत गेलो. केबिनजवळच्या, समोर दिसणाऱ्या होम सिग्नलची तार शाबूत होती, तेवढी एक. त्याच्या पुढं खुंट्या होत्या, खुंट्यांवर पुल्या होत्या, रविवारच्या गाडीच्या दिवसांत मी तेल घालून घालून ठेवलेल्या, आणि त्यांच्यात तार नव्हती. बाभळीचं बन ओलांडलं तर एका वांग्याच्या वावराला कुंपण दिसलं. आमच्याकडं रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात, कुंपणाला तार मिळाली तर कोण सोडेल? त्यातला एक जोड मी ओळखला. तो पीळ भाऊजींच्या हातचा होता, एका पावसाळ्यात भर पुरात उभं राहून त्यांनी तो घातला होता. वावरातली बाई पुढं आली. तिनं काही लपवलं नाही. गाडी तर येत नाही म्हणे, तार पडून होती, ती घेतली, बाकीच्यांनीही घेतली. मी तिला काय बोलणार? तिनं दोन किलो वांगी पदरात घातली आणि मी ती घेतली.

तार परत आणून जोडता येईल का, ते भाऊजींनी चालता चालता मनातल्या मनात बघून ठेवलं होतं. पाच-पन्नास तुकडे. इतके जोड पुल्यांवरून सरकत नाहीत. नवी तार हातात कोण देणार? ती देणारं खातंच उरलं नव्हतं. साहेबांना खरं सांगावं, हा विचार मला आला नाही असं नाही. फोन हातात घेतला होता. पण खरं सांगितलं की कागदावर एकच शब्द पडणार, बंद. तो पडला की पुसला जात नाही. मी फोन खाली ठेवला.

मग मी जे बोलले ते माझं मीच बोलले. भाऊजींनी सुचवलं असतं तर आज मला त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

"भाऊजी, वजन हातानं उचललं तं हात पडते नं?"

"पडते."

"खांबाखाली झुडपं हायेत. फाटकावरून खालचा मानूस नाई दिसत."

"तुमाले मीच शिकवलं नं, वैनी?" असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, "तुमी म्हनता तं राहीन उभा."

ठरलं असं की मी लिव्हरला हात घालण्याआधी मोबाइलवर एक मिस कॉल द्यायचा, त्यांनी वजन उचलून धरायचं. दुसरा मिस कॉल आला की सोडायचं. सत्तरीच्या माणसाला मी भर चैत्रातल्या उन्हात झुडपात लपून लोखंड उचलायला सांगत होते. तेव्हा मला फक्त एवढंच सुचलं, की त्यांच्या मोबाइलचं चार्जिंग पूर्ण आहे ना.

समितीचे चौघं केबिनमध्ये आले, पाचवा फाटकावर कार घेऊन थांबला. मी सगळी फडकी धुऊन लिव्हरांवर घालून ठेवली होती. त्यांतलं एक साहेबांच्या हातात दिलं आणि ते कशाला ते सांगितलं. त्यांनी ऐकून मान डोलावली आणि त्याच फडक्यानं मानेवरचा घाम पुसला. बाकीचे तिघं उघड्या हातांनी मुठी धरून फोटो काढत होते. ज्या बाईनं दहा वर्षांच्या पोरालाही सोडलं नाही ती त्या दिवशी तोंडात गुळणी धरून उभी होती.

सांधा लावला. होम दिला, तो समोरच पडला, टाळ्या झाल्या. मग पदराआड मिस कॉल दिला आणि बारा नंबरला हात घातला. त्यांच्यातला कॅमेरावाला म्हणाला, मॅडम, जरा जोर लावून. मी लावला. पाय रोवला, पाठ मागं टाकली, दात आवळले, तोंडानं हुंकारही दिला. हातात काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी खरं ओझं ओढलं आणि कोणाला दाखवलं नाही, आणि त्या दिवशी नसलेल्या ओझ्याचं सोंग केलं. साहेबांनी फाटकावरच्या माणसाला फोन लावला, पडला का विचारलं, आणि आम्हाला सांगितलं, "पडला म्हणतात."

मला आनंद झाला. लाज नंतर आली, हे लिहून ठेवते. त्या क्षणी नुसता आनंद झाला, माहेरचा माणूस दारात दिसावा तसा. दुसरा मिस कॉल दिला, लिव्हर सोडला. जाताना साहेब म्हणाले, काकू, तुमच्यासारख्या लोकांमुळं हे टिकून आहे. मी घरी गेले, साजूक तुपातला शिरा केला आणि डब्यात घालून भाऊजींकडं निघाले.

ते अंगणात बाजेवर बसले होते. डब्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"मी उचललं नाई, वैनी."

मला आधी कळेना. ते सांगत राहिले, खाली बघत. मिस कॉल आला होता. ते वाकले, वजनाला दोन्ही हात लावले. आणि मग त्यांच्यानं ते उचलवलं नाही. जड होतं म्हणून नाही. तसेच वाकून राहिले, दुसरा मिस कॉल येईस्तोवर. हात सगळा वेळ आडवाच होता.

मी म्हटलं, मग तो माणूस पडला कसा म्हणाला?

"गाडीतून उतरलाच नाई तो. काच बी खाली नाई केली."

इथं एखाद्या शहाण्या बाईला भाऊजींच्या पाया पडावंसं वाटलं असतं. मला त्यांचा राग आला. मी त्यांना नको ते बोलले. तुम्हाला माझं बरं बघवत नाही म्हणाले. त्या कारवाल्यानं खोटं बोलून मला वाचवलं, तुम्ही खरेपणानं बुडवत होता म्हणाले. नवऱ्याचं नाव मधे आणलं. शिऱ्याचा डबा बाजेवर ठेवून मी निघून आले, आणि त्यानंतर चार महिने त्यांच्या दाराकडं फिरकले नाही. तेही केबिनखाली पाणी प्यायला थांबले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर समितीचा निर्णय आला. सिग्नल चालू स्थितीत आहेत, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. पुढं होतं की गाडी तूर्त सुरू करता येत नाही, म्हणून केबिन लोकांना बघायला खुली करायची, इंजिन बाहेर चौथऱ्यावर उभं करायचं. आणि लिव्हर चालते असल्यामुळं पर्यटकांना, विशेषतः मुलांना, धोका संभवतो, सबब ते जागच्या जागी वेल्डिंग करून पक्के करावेत.

मी साहेबांना फोन केला. चालू आहेत तर बंद का करता, विचारलं. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "काकू, चालू आहेत म्हणूनच तर. उद्या एखाद्याचा हात अडकला तर?"

तेव्हा मी खरं सांगितलं. साहेब, आउटर पडतच नाही, म्हटलं. तार गेल्याला वर्ष होऊन गेलं, मी सोंग केलं, पाहिजे तर येऊन बघा. ते हसले. त्यांना वाटलं म्हातारी लिव्हर वाचवायला काहीतरी रचून सांगते आहे. "काकू, आमच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलंय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझ्या बोलण्यात राम होता तेव्हा मी गप्प बसले. आता ओरडून सांगितलं तरी ते कोणाच्या कानात शिरत नव्हतं.

वेल्डिंगवाला दुपारपर्यंत आटपून गेला. ठिणग्यांचे बारा झोत, बारा काळे डाग. दुसऱ्या दिवशी रंगवाला आला आणि त्यानं खालपासून वरपर्यंत रंग फासला, मुठींनाही. मी त्याला सांगायला गेले की मुठीला रंग लावत नाहीत, ती उघडी ठेवायची असते. तो म्हणाला, बाई, रंग असला की गंज नाही चढत. बरोबरच होतं त्याचं. मी सवयीनं फडकं घेऊन बारा नंबरला हात घातला, पाय रोवला, पाठ टाकली. केसभरही हलला नाही. केबिनची किल्ली मी त्याच दिवशी देऊन टाकली.

नंतर एकदा बाजारातून येताना वळसा घालायचा कंटाळा आला आणि फाटकावरून आले. त्या मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा. आउटर दिसला. हात खाली पडलेला होता. मी जवळ गेले. खांब नव्यानं रंगवला होता, समोर फोटो काढायला कट्टा केला होता, आणि खालचं वजन उचलून खांबाला बांधून टाकलं होतं, नव्या कोऱ्या तारेनं. कट्ट्यावर काम करणाऱ्या गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, हात आडवा असला तर फोटो उदास येतो, खाली असला की बरा दिसतो.

तिथून मी सरळ भाऊजींकडं गेले. ते बरेच थकलेले दिसले. सकाळची चक्कर त्यांनी सोडली होती, असं त्यांची सून म्हणाली. माझा शिऱ्याचा डबा घासूनपुसून फडताळात ठेवलेला होता, तो तिनं आणून दिला. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. तोंडातून शब्द निघायच्या आधी त्यांनीच विचारलं.

"हात खाली बांधला म्हनतात?"

मी मान हलवली.

"आडवा तं ठेवाचा होता," ते म्हणाले.

त्या गवंड्याला काय माहीत होतं बिचाऱ्याला. तो हात खोटा पाडायचं पहिल्यांदा ज्या बाईला सुचलं ती भाऊजींसमोर बसली होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं. सुनेनं चहा आणला. भाऊजींनी कप माझ्याकडं सरकवला आणि मी तो घेतला.